अभ्रकाचा पंखा

बाबा, तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि होतास तेव्हाही तुला अक्षर वाचता येत नव्हतं. तरी लिहायला बसले आहे, कारण तुझं एक बोलणं माझ्याकडे अजून तसंच पडून आहे. "तू त्या बाईला आशेवर टांगलंस," एवढं म्हणून तू वळलास आणि रंधा मारायला लागलास. तुझ्या पाठीला उत्तर द्यायचं मला तेव्हा जमलं नाही. आज देते.

ठाण्याच्या खाडीजवळ आपलं घर, आणि पडवीत तुझं सुतारकाम. खरं नाव होतं ते तुझ्या नवसाच्या होड्यांचं. समुद्रावरून माणूस सुखरूप परतला की घरचे हातभर लांबीची होडी करून घ्यायचे आणि ती आपल्या चर्चच्या छताला टांगायचे. आधी सगळ्या शिडाच्या होड्या असत. मग कोळ्यांची, आपल्या ख्रिस्ती वाड्यांतली पोरं आगबोटींवर कोळसा ओतायला जाऊ लागली, तसा तू आगबोटी करायला लागलास. घासायचं आणि रंगवायचं काम माझ्याकडे. मुलीला कशाला बसवतोस, असं कुणी म्हटलं की तू म्हणायचास, "हिचा हात हलका हाय." हे मी विसरलेले नाही.

त्या वर्षी आपल्याच वाडीतली ती मासळीवाली आली. नवरा आधीच गेलेला, एकुलता एक मुलगा आगबोटीवर, आणि त्या बोटीची खबर नाही. शेजारपाजारचे तिला सांगत होते, आता मेलेल्यांसाठीची प्रार्थना सांगून टाक. ती तिकडे गेली नाही, तुझ्याकडे आली. पाटी खाली ठेवून म्हणाली, "मना आगबोट करून दे. पन चालती पायजे. बंद पडलेली बोट मी देवाला देनार नाय. माझा पोर हाय तिच्यात."

तू जीव ओतून बोट केलीस. पाणी मागं लोटून बोट पुढं नेणाऱ्या मागच्या पंख्याची पाती लाकडात कोरलीस, पानासारखी पातळ, वर पितळेचा पत्रा चढवलास. तसं काम मी अजून कुणाचं पाहिलं नाही. ती आली, तिनं बोट फिरवून फिरवून पाहिली आणि पायरीवर बसली. "ही थांबलीय," म्हणाली. तू म्हणालास, "लाकूड हाय बाई, थांबनारच."

मला त्या दिवशी तुझा राग आला. मी खाडीवर गेले. रिकामी आगबोट धक्क्याला लागलेली होती, हलकी असल्यामुळे तिचा पंखा अर्धा पाण्याबाहेर. ती निघाली तेव्हा आधी पाती मोजता येत होती, मग सगळी एकमेकांत विरघळली आणि तिथं नुसतं एक पातळ, करडं वर्तुळ उरलं. त्या वर्तुळातून पलीकडच्या काठावरचा चिखल मला दिसत होता! मी घरी धावत आले. आधी कागदाची चकती करून काळी केली, तर ती तव्यासारखी दिसली. रेघा ओढल्या, तर बैलगाडीचं चाक झालं. मग बाजारातल्या औषधीवाल्याकडून अभ्रकाचा तुकडा आणला, कात्रीनं गोल कापला, दिव्याची काजळी बोटावर घेऊन मधोमध दाट आणि कडेला जाता जाता विरळ अशी फिरवली. एका बाजूला चंद्रकोरीच्या आकाराची जागा पुसून काढली, उजेड पडल्यासारखी. तुझी पाती काढून ठेवली आणि ती चकती बसवली. बोट हातात धरून दाराशी नेली, आणि बाबा, पंखा फिरत होता.

तू पाहिलंस आणि चकती उपटलीस. "देवापुढं खोटं ठेवायचं नाय."

"मग धुराड्याला कापूस कशाला लावतोस?" मी विचारलं. "आगबोटीतनं कापूस निघतो?"

"तोंड चालवू नको." असं म्हणून तू चकती चुलीत टाकलीस. आई ओरडली. पण अभ्रक जळत नाही, बाबा. हे तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. काजळी तेवढी जळून गेली आणि चकती निखाऱ्यावर स्वच्छ पडून राहिली. मी चिमट्यानं ती बाहेर काढली, निवू दिली आणि तुझ्यासमोर बसून पुन्हा काजळी लावली. तू बघत राहिलास. हात उचलला नाहीस, अडवलंही नाहीस.

तिनं तीच बोट नेली. मुलगा आला नाही. त्या वर्षी नाही, पुढेही कधी नाही. दर रविवारी ती बोटीखाली उभी राहायची, आणि कुणी प्रार्थनेचं काढलं की वर बोटीकडे हात करायची, "चाललीय अजून." तेव्हाच तू मला ते ऐकवलंस.

तर ऐक. आशेवर टांगलं म्हणतोस, पण ती टांगलेली नव्हती, चालत होती. पहाटे पाटी घेऊन नौपाड्यापर्यंत जायची, भांडून भाव घ्यायची, लोकांच्या लग्नात गायची. थांबलेल्या बोटीखाली उभी राहिली असती तर त्याच वर्षी खचली असती. तिला खरं काय ते माहीत होतं. मी एकदा विचारलं तेव्हा हसली आणि म्हणाली, "मना काय डोळे नाय? पन तेची बोट मी कशाला थांबवू?" तुला हे सांगायला मी आले होते, तर तू जेवत होतास आणि मान वर केली नाहीस. म्हणून पुन्हा सांगते. तू चुकलास. मी आजही अभ्रकाचेच पंखे करते, आणि तुझी पडवी आता माझी आहे.

हे कागद मी कुठे पाठवणार नाही. एकच सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात कल्याणच्या खाडीवरून खरी गलबतं बांधणारा एक म्हातारा आला होता. बोट उजेडात धरून त्यानं बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "पंखा फिरवायला कोनी शिकवलं गो तुला?"

मी म्हटलं, "बापानं."