फुलीचे सहा कागद

प्रिय भिंगरी,

अक्षर वाकडं आहे, पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं नाही. फोन दोनदा लावला. एरवी कुणाला न ऐकणारी माझी जीभ उचललीच नाही. शुक्रवारी तू तुझा प्रबंध घेऊन परीक्षकांपुढे उभी राहणार. तेव्हा आधी हे वाच, चहा नंतर पी.

रविवारी तू ओट्यावर बसून मला सीताफळाच्या कुळाची कुंडली सांगत होतीस. कोट्यवधी वर्षांपूर्वी हवा कोरडी होत गेली, जंगलं आकसली. जे भाऊबंद ओल्या दरीत राहिले त्यांची पानं रुंद नि पातळ राहिली. जे माळावर तगले त्यांची जाड, चिवट झाली. म्हटलं, म्हणजे माझ्या जावा आणि मी! तू खिदळलीस. मग म्हणालीस, आजी, याचा पक्का पुरावा म्हणजे आपल्याच कॉलेजच्या झाडांच्या संग्रहातले सहा कागद, माळाचे तीन, दरीचे तीन, आणि तूच डकवलेले. माझ्या हातातली वाटी तेव्हा पडली. तुला वाटलं, वय झालं. वय कसलं डोंबलाचं!

त्या संग्रहात मी सव्वीस वर्षं वाळलेली झाडं कागदावर डकवली. खळ माझी, दोरा माझा. कोणतं झाड कुठून आणलं, त्या चिठ्ठ्या साहेब लिहायचे. त्यांच्या अक्षरातलं मला 'माळ' आणि 'दरी' एवढंच वाचता यायचं. एके दिवशी तुझी आई तापाने फणफणली म्हणून निरोप आला. मी तशीच पळाले, पंखा चालू. परतले तर सहाही चिठ्ठ्या जमिनीवर, खळ ओली. आदल्याच महिन्यात अशाच चुकीपायी साहेबांनी एकीला कामावरून काढून घरी बसवलं होतं. मी पानं चाचपली. जाड ते माळाचं असणार, पातळ ते दरीचं. लावल्या चिठ्ठ्या. साहेब म्हणाले, काम कसं नेटकं!

कळलं ना? त्या सहा कागदांवर झाडं बोलत नाहीत, तुझी आजी बोलतेय. अंदाज बरोबरही असेल. पण तू त्यावर अख्खं कुळ उभं केलंस.

उसवावं लागेल अशा टाक्याला खूण करायची माझी सवय. कागद उलटे कर, उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची फुली दिसेल. ते सहा बाजूला काढ. परीक्षा पुढे ढकलावी लागली तर ढकल, आणि कुणी विचारलं तर बेलाशक माझं नाव घे. गप्प बसले असते तर शुक्रवारी तुझं कौतुक झालं असतं, म्हणून तीन पत्रं फाडली. तुझी आई दारात चपला घालतेय. हे तिच्या पिशवीत टाकते, नाहीतर चौथंही फाडीन.

तुझीच,
जाड पानाची आजी