सुवर्णाने लावलेली मेमरी टेस्ट

मंगळवार, संध्याकाळ

आज दूध संस्थेत सुवर्णाला सगळे मॅडम म्हणाले. माझ्या बायकोला. आणि मला चेअरमन म्हणाले, "सरक बे जरा, मॅडमला बसू दे."

दुधाचं फॅट मोजून पावती काढणाऱ्या तिथल्या मशीनमधला छोटा कॉम्प्युटर-बोर्ड कालपासून आपोआप बंद-चालू होत होता. मी त्यातलं मेमरी कार्ड बदललं, सगळं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. फरक नाही. या दुष्काळात लोकांच्या हाती दुधाशिवाय काही उरलेलं नाही, आणि ते कॅन घेऊन उन्हात उभे. शेवटी चेअरमननी सुवर्णाला बोलावलं. अंबाजोगाईला कॉम्प्युटरच्या कोर्सला आम्ही एकाच वर्गात होतो, मार्क मला जास्त पडायचे. हे इथे कशाला लिहितोय मी?

तिने लॅपटॉपला केबल जोडली, बोर्ड सुरू होता होताच थांबवला आणि कमांड देऊन मेमरीची टेस्ट लावली. टेस्ट चालू असताना मी मनात म्हणत होतो, पास होऊ दे. म्हणजे तिचाही अंदाज चुकेल. दूध नासलं तरी चालेल. खरंच, असंच म्हणत होतो.

स्क्रीनवर एरर आली. मेमरीच खराब होती. तिने दुसरा बोर्ड बसवला, पावत्या निघू लागल्या. "मॅडम, लई भारी!" पुन्हा मॅडम.

आत्ता जेवताना म्हणाली, "अहो, परळीकडच्या एका संस्थेतलाबी बोर्ड बंद हाय. उद्या येता का संगं? मला एकटीला करमत न्हाई."

"मला काम हाय," म्हणालो.

उद्या मला काहीच काम नाही.