हात लावण्याआधी

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. मावसभाऊ गाडी घेऊन स्टँडवर हजर होता. इथल्या शुश्रूषागृहाची गाडी तोच चालवतो आणि ही नोकरीही त्यानंच चिकटवून दिली. वाटेत म्हणाला, तुझ्या पायाला भिंगरी, तुला इथं करमायचं नाही. म्हटलं, करमेल की. गॅरेज झालं, बेकरी झाली, गोदाम झालं, आता म्हातारी माणसं. निदान ही मालकासारखी अंगावर तरी येत नाहीत.

जागा झकास आहे. लांबलचक बैठी इमारत, समोर हिरवळ, खिडक्यांना मोठमोठ्या काचा. सगळे रोगी अंथरुणाला खिळलेले. कुणाला बोलता येत नाही, कुणाला कोण आलं कोण गेलं कळत नाही. माझी खोली धोबीखान्याच्या मागं. पलीकडं कपडे वाळवायचं मशीन असल्यानं भिंत कायम कोमट. पलंग, टेबल, आरसा, सगळं आयतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, चांगलं काम मिळालं, पुण्य लागेल. बेडपॅन धुवून पुण्य लागत असतं तर साहेब लोकांनी रांग लावली असती.

ही वही मोठ्या सिस्टरनी दिली. माझं अक्षर बघितलं आणि म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा, हात वळेल. बरं. त्यांनाच नावं ठेवायला उपयोगी पडेल.

५ नोव्हेंबर

मोठ्या सिस्टरचं नाव मी रेडिओ ठेवलंय. बाई गप्प बसतच नाही. मढ्यासारख्या पडलेल्या माणसापुढं उभी राहून सांगते, आता तोंड पुसते हं, पाणी कोमट आहे. आता उजवा हात उचलते हं. आता कुशीवर वळवते, घाबरू नका. समोरच्याची पापणीसुद्धा हलत नाही, पण हिचं चालूच. मावसभावाला मी नक्कल करून दाखवली. आता गाडीचं दार उघडतो हं, घाबरू नका. तो इतका हसला की चहा नाकात गेला त्याच्या.

रेडिओनं ऐकलं असावं. चिडली नाही. म्हणाली, तुझ्या अंगाला कुणी अचानक गार हात लावला तर तू दचकतोस, झटकून टाकतोस. यांना झटकता येत नाही. मग ते दचकणं आतच राहतं. म्हणून आधी सांगायचं, मग हात लावायचा. म्हणे सगळं नर्सिंग तिथून सुरू होतं.

नर्सिंग. डोक्यावर टोपी चढवली की धुणंपुसणं करणारी बाई सिस्टर होते, एवढंच नर्सिंग मला दिसलं.

९ नोव्हेंबर

आज एक आजी गेल्या. पूर्वी शिवणकाम करायच्या म्हणे. डॉक्टर येऊन तपासून गेले, तरी रेडिओ लगेच हात लावेना. खुर्ची घेऊन शेजारी बसून राहिली. मग मला शिकवलं. याला ती शेवटचं आवरणं म्हणते. आधी पायाचे अंगठे एकत्र बांधायचे. मग हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ. मग नाकात कापूस. मग डोळे मिटायचे आणि वर चादर. डोळे इतक्या उशिरा का, मी विचारलं, तर म्हणाली, काही बघायचं राहिलं असेल तर बघू दे की, तुला कसली घाई.

आणि प्रत्येक वेळी सांगणं चालू. आता अंगठे बांधते हं आजी. आता पट्टी बांधते. मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. जिवंतपणी कुणी विचारलं नसेल त्या म्हातारीला इतक्यांदा.

१३ नोव्हेंबर

रेडिओला एक रोगी आवरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझे चार होतात. उचल, पूस, वळव, पुढचा. शुश्रूषागृह चालवणारे साहेबही म्हणाले, पोरगं चटपटीत आहे. ती मात्र मागून येऊन प्रत्येकाची माफी मागितल्यासारखी उशी सरळ करते.

धोबीखान्याला लागून असलेल्या कोपऱ्यातल्या खोलीत मास्तर आहेत. आयुष्यभर शाळेत शिकवलं. झटका आला तेव्हापासून मानेखाली लाकूड, वाचाही गेली. राहिल्या त्या फक्त पापण्या. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. रेडिओ त्यांना विचारून विचारून सगळं करते, आज दाढी करू का, खिडकीकडं वळवू का. मला तो माणूस बघवत नाही. आमच्या शाळेतले गुरुजी असेच बघायचे. गणित चुकायच्या आधीच मी चुकणार हे त्यांना माहीत. सातवीत मी शाळेला रामराम ठोकला तो त्या नजरेमुळंच.

आज गंमत केली. मागून जाऊन ओला गार फडका एकदम त्यांच्या तोंडावर टाकला. पापण्या अशा फडफडल्या की बस्स. मी म्हटलं, काय गुरुजी, कळलं का आता वर्ग कुणाचा चालतो ते. दोनदा मिटली पापणी. नाही. मग कितीतरी वेळ तेच, नाही, नाही.

१६ नोव्हेंबर

रेडिओ बहिणीकडं गेलीय. मोकळा दिवस. मावसभावानं मॅचची तिकिटं काढलेली, दुपारीच निघायचं ठरलं होतं.

आणि नेमके मास्तर आजच गेले. नळीतून जेवण द्यायला गेलो तर बघणं थांबलेलं. हाक मारली, पापणी नाही. मनगट धरलं, गार लागलं. ते तसं नेहमीच गार असायचं. साहेबांना फोन केला. म्हणाले, डॉक्टर संध्याकाळी येतील, तोवर कशाला हात लावू नकोस. म्हणजे मी संध्याकाळपर्यंत प्रेताची राखण करत बसायचं. मावसभाऊ फाटकापाशी हॉर्न वाजवतोय.

शिकवलंय तर उरकून टाकू म्हटलं. अंगठे, हनुवटी, कापूस, डोळे, चादर. एक शब्द बोललो नाही. सरबत पिऊन ग्लास ठेवावा इतक्यात काम झालं.

चादर ओढताना नाकातला कापूस जरासा हलल्यासारखा वाटला. पंख्याचा वारा असणार. खोलीचं दार ओढून घेतलं आणि निघालो. मॅच जिंकलो.

१७ नोव्हेंबर

काल डॉक्टरनी दारातूनच बघितलं म्हणे. सगळं बांधून तयार, आता काय तपासायचं. सही केली, मुलगा आला, घेऊन गेला. सुंठीवाचून खोकला गेला.

रेडिओ परत आली. माझ्यावर ओरडेल वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, त्यांना सांगितलं होतंस ना. मी म्हटलं, हो तर, सगळं सांगून केलं. ती दुसऱ्या रोग्याकडं निघून गेली.

दुपारी खोली धुवायला घेतली. फरशी वाळावी म्हणून पंख्याचं बटण दाबलं. फिरेना. वायरमन योगायोगानं तिथंच होता. म्हणाला, हा तर जळलाय, मागच्याच आठवड्यात मी वायर काढून ठेवलीय, नवा अजून आलेला नाही.

मग खिडकीतून आला असेल वारा.

खिडकीची काच पक्की बसवलेली आहे. उघडत नाही.

असो. जुनी इमारत, कुठून तरी फट असतेच.

१९ नोव्हेंबर

जेवण झाल्यावर जरा आडवा झालो होतो. तोंडावर गार ओला फडका पडला. धडपडून उठलो. खोलीत कुणी नाही, कडी आतून. तोंड मात्र खरंच ओलं, मानेवरून पाणी ओघळत होतं. मावसभावाचा चावटपणा म्हणावा तर तो गाडी घेऊन बाहेर गेला होता. छपरातून गळत असेल.

छत कोरडं आहे.

२० नोव्हेंबर

भर जेवणघरात, सगळ्यांसमोर. माझा उजवा हात वर गेला. मी उचलला नाही. कुणीतरी मनगटाला आणि कोपराला धरून उचलला, आपण उचलतो तसा, पुसायला. ताट उलटं झालं. स्वयंपाकीण म्हणाली, झोपेत आहेस का रे बाबा. सगळे हसले. मीही हसलो.

बोटं गार होती. खडूनं भरल्यासारखी कोरडी.

२१ नोव्हेंबर

आता भिंतीला पाठ लावून बसतो. काही उपयोग नाही. दाढी करताना हनुवटी धरली कुणी, मान वळवली. व्हरांड्यात उभा होतो तर खांदा आणि कंबर धरून कुशीवर वळवल्यासारखं फिरवलं. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. कधी ते कळत नाही, हे वाईट आहे. दिवसभर अंग आवळून बसायचं. आता होईल, आता होईल. आणि जरा सैल सोडलं की —

मावसभावाला सांगितलं. तो म्हणाला, लग्न कर म्हणजे बायको सांगून मारेल. नेहमीसारखं दोघांनी हसायला हवं होतं. त्याला माझं तोंड बघून हसू आवरावं लागलं.

रेडिओनं मला बाजूला घेतलं. ती सगळं ओळखून आहे. म्हणाली, मास्तरांच्या खोलीत जा. त्या कॉटपाशी बस आणि जे जे न सांगता केलंस ते सगळं ओळीनं सांग. आवाज मोठा काढ. अजून उशीर झालेला नाही.

मी म्हटलं, बाई, रिकाम्या कॉटशी बोलायला मी काय सिस्टर आहे.

ती म्हणाली, नाहीस, हेच तर.

२२ नोव्हेंबर

हिरवळीवरच्या बाकावर उन्हात बसलो होतो. उठलो आणि तोंडावर आपटलो. पाय एकमेकांना चिकटलेले. चपला काढून बघितलं. दोन्ही अंगठ्यांभोवती वळ, सुतळी आवळल्यासारखे. सुतळी नाही. अंगठे वेगळे होत नाहीत. दोन्ही हातांनी ओढले. होत नाहीत.

मावसभावानं उचलून खोलीत आणलं. त्याला वाटतं मुरगळलाय. उद्या गावी सोडतो म्हणाला.

आधी अंगठे. मला क्रम माहीत आहे.

२३ नोव्हेंबर

मावसभाऊ पेट्रोल भरायला गेलाय. येईलच.

रेडिओचं ऐकायचं ठरवलं. सांगून टाकतो, काय जातंय. खुरडत खुरडत मास्तरांच्या खोलीत आलो. कॉटला टेकून बसलो. तोंड उघडलं, मास्तर एवढं म्हणालो, आणि हनुवटीखालून —

गाठ डोक्यावर बसली. हात लावला तर पट्टी नाही, नुसतं डोकं. जबडा उघडत नाही. घशातून आवाज निघतो तो जनावरासारखा.

शेजारच्या खोलीत ती आहे. भिंतीपलीकडून ऐकू येतंय. आता कुशीवर वळवते हं, घाबरू नका. भिंतीवर मूठ आपटली. वाळवायचं मशीन धडधडतंय. तिला ते वाटत असणार.

वही खिशात होती. लिहून सांगतो. लिहिलेलं चालेल. तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला वाचता येतं —

मास्तर मी फडका मुद्दाम टाकला. मनगट नीट बघितलं नाही. मला मॅचला जायचं होतं. अंगठे बांधतो म्हणून सांगितलं नाही. पट्टी बांधतो म्हणून सांगितलं नाही. कापूस हलला तेव्हा मला दिसलं होतं. वारा नव्हता. मला तेव्हाच —

एक नाकपुडी

दुसरी

हातानं काढतोय, काही लागत नाही बोटाला. पण आहे. कोरडा. अजून आत ढकलतायत

समोर काचेत मी दिसतो. नाकात पांढरं. हलतंय. आत बाहेर आत. वरचा जळका पंखाही काढून नेलाय, नुसता हूक आहे. बघणाऱ्यानं बघावं हलतंय ते. कुणीतरी यावं

सांगा तरी मास्तर. करायचं ते करा पण आधी सांगा. न सांगता नको

गार बोटं. पापण्यांवर. थांबलीत.

आवाज. आधी कधी ऐकला नाही पण तोच. खालचा, वर्गात बोलतात तसा. सांगतोय. सांगतोय मला. आता डोळे मिटतो हं, घाब