गाईचे वरचे दात

आदरणीय डॉक्टरसाहेब यांना,

तुमच्या धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. ('साडूभाऊ' असं दोनदा लिहून दोनदा खोडलं. सहा वर्षं न बोललेल्या माणसाने एकदम भाऊ म्हणणं जरा आगाऊपणाचं वाटलं. डॉक्टर तर तुम्हाला सगळेच म्हणतात. तुमच्याकडची जनावरंही मनातल्या मनात म्हणत असतील.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? ताईंची ख्यालीखुशाली तुमच्या मेहुणीकडून, म्हणजे आमच्या घरातून, रोज कळते. त्या दोघी बहिणी फोनवर इतकं बोलतात की आपण दोघे बोलत नाही याची भरपाई होऊन वर थोडं उरतं. मी ठीक आहे. दुकानातल्या मागच्या खोलीत भिंगं घासायला उभा राहिलो की चाकावरचं पाणी एका लयीत ठिबकत राहतं, आणि मी कुठल्या कुठे जाऊन येतो. दुपारी कधी तरी गिऱ्हाईक काउंटरवर टकटक करतं तेव्हा परत येतो.

पत्र लिहायचं कारण पूर्णपणे शास्त्रीय आहे. टीव्हीवरचा तो प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम इतक्या वर्षांत दोनदा कात टाकून आला, आणि त्याच्या तिन्ही तऱ्हांमध्ये प्रत्यक्ष जाऊन बसलेला माझ्यासारखा दुसरा माणूस बहुधा नसेल. (तिसऱ्या तऱ्हेत बसायला देत नाहीत, उभं करतात. ते पुढे येईलच.) तेव्हा कोणती तऱ्हा उत्तम, याबद्दलचं माझं मत एका जाणकार माणसापुढे ठेवावं असं वाटलं. जाणकार म्हणून मला तुमच्याशिवाय कोणी आठवलं नाही.

पहिली तऱ्हा तुम्हाला आठवत असेल. तीस वर्षं झाली. एक उंच छताचं दालन, तीन लाकडी टेबलं, प्रत्येकावर पाण्याचा पेला आणि मागे खडूने गुण लिहायचा काळा फळा. प्रश्न विचारायला ते शांत, म्हातारे गृहस्थ असत, ज्यांना आपण 'आजोबा' म्हणायचो. त्यांच्या कार्यक्रमात घड्याळच नव्हतं! विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या. स्पर्धक छताकडे बघत बसायचा, आजोबा त्याच्याकडे बघत बसायचे आणि घरोघरी लोक त्या दोघांकडे बघत बसायचे. मला त्यांनी विचारलं होतं, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वर-खाली उलटं का दिसत नाही? डॉक्टर, इतका सुंदर प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारलेला नाही. मी त्या प्रश्नात उतरलो तो उतरतच गेलो. दिव्यांच्या झोतात खडूची धूळ तरंगत होती, तिच्यातला एकेक कण मला आरशासारखा फिरताना दिसत होता, आणि मी त्या प्रत्येकात डोकावून येत होतो. सात मिनिटांनी आजोबा हळूच म्हणाले, "सावकाश होऊ द्या, पण आमच्यासाठी थोडं बाहेर या." मी बाहेर आलो आणि म्हणालो, आरसा डावं-उजवं उलटं करतच नाही, तो फक्त पुढचं मागे करतो. आजोबांनी मान डोलावली. फळ्याशी उभ्या असलेल्या मुलीने माझ्या नावाखाली एकाऐवजी दोन गुण लिहिले. ती चूक कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. मी तिच्याकडे बघितलं, तिने खडू पाठीमागे लपवला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, कारण तिच्या घरातर्फे मुलगा बघायला दुकानात तुम्हीच आला होतात. माझी परीक्षा घ्यायला आलात आणि मी तुमचेच डोळे तपासून चष्मा हातात ठेवला. घरी जाऊन म्हणालात म्हणे, मुलगा तंद्रीत असतो, पण नंबर बरोबर काढतो.

आणि मग त्या रविवारच्या दुपारी! तुमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीतलं ते अरुंद बाकडं, औषधांच्या कपाटावर ठेवलेला छोटा टीव्ही, खिडकीबाहेर एखादी म्हैस रवंथ करत उभी, आणि आपण दोघे आजोबांच्या आधी उत्तर द्यायला टपलेले. प्राण्यांचे प्रश्न तुमचे, उजेडाचे माझे, नद्या आणि राजे दोघांनाही येत नसत. मी स्वर्गाची कल्पना करतो तेव्हा मला ते बाकडं दिसतं. (तुमच्या मेहुणीला हे सांगू नका. तिला वाटतं, मला ती दिसते. तीही दिसते, पण दारात उभी राहून विचारताना, की घरी कधी येणार.)

दुसरी तऱ्हा आली ती धावतपळत. आजोबा निवृत्त झाले. फळा गेला, आकडे आपोआप उजळायला लागले. स्पर्धक जोडीने, समोर लाल बटण, विचाराला पाच सेकंद. नियम असा की ज्याच्या हाताखाली बटण तोच बोलणार, जोडीदाराने ब्र जरी काढला तरी जोडी बाद. बटण माझ्याकडे द्या असा हट्ट मीच धरला होता, हे मी आज मान्य करतो. मला त्याचा लाल रंग आवडला होता. तुम्ही म्हणालात, "घ्या, पण जागे राहा." शेवटचा प्रश्न आला : गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात किती? सगळ्या देशातले प्रश्न सोडून नशिबाने गाय पाठवली, आणि ती माझ्या शेजारी बसलेल्या जनावरांच्या डॉक्टरसाठी पाठवली. मी बटण दाबलं. दाबल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे एक पांढरी गाय उभी राहिली. काय ते डोळे, डॉक्टर! मी त्या डोळ्यांची भिंगं निरखायला लागलो, पापण्यांची सावली निरखायला लागलो, आणि तिच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत पाच सेकंद संपत आले. तुमच्याकडे बघितलं. तुम्ही अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवत होतात. मला वाटलं, तुम्ही म्हणताय, झकास चाललंय. मी जोरात म्हणालो, "आठ!"

एकही नसतो. आता मला माहीत आहे. वर नुसती कडक हिरडी असते. सहा वर्षांत मी ते इतक्या ठिकाणी वाचलंय की गाईसमोरून जातानासुद्धा मान खाली घालून जातो.

हरलो त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही हसून माझ्या पाठीवर थाप मारलीत. वाटायला लागलं ते नंतर. गोठेवाले दवाखान्यात येऊन विचारायला लागले, डॉक्टर, हिचे वरचे आठ पडले वाटतं? 'आठदाते डॉक्टर' हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण महिन्याभरात गावभर झालं. तीस वर्षं जनावरांच्या तोंडात हात घातलेल्या माणसाची अशी चेष्टा. आणि इथे मला ती गोष्ट लिहायची आहे, जी लिहायला मी आरसा, खडू आणि म्हैस असा लांबचा रस्ता घेतला. एका दुपारी एका गिऱ्हाइकाने दुकानात विचारलं, "तुमच्या शेजारी तर जनावरांचे डॉक्टर बसले होते ना? त्यांनीच सांगितलं असेल आठ?" मी त्याच्या चष्म्याच्या काड्या वाकवत होतो. मी नुसता हसलो. डॉक्टर, ते हसणं म्हणजे 'हो' होतं, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. वर मान केली तर तुम्ही दारात उभे होतात, हातात दुरुस्तीला आणलेला चष्मा. तुम्ही तसेच वळलात. मी तंद्रीत होतो असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. मी तंद्रीत नव्हतो. आयुष्यात जे दोन-चार क्षण मी पूर्ण जागा होतो, त्यातला तो एक होता.

आता तिसरी तऱ्हा. मागच्या महिन्यात तुमच्या मेहुणीने मला न विचारता माझा अर्ज भरला, आणि मागच्या मंगळवारी मी तिथे पोचलो. खुर्ची नाही. निळ्या काचेच्या गोलावर उभं राहायचं, उजेड खालून येतो. पायाखाली उजेड असला की आपण ढगावर उभे आहोत असं वाटतं, आणि ढगावर उभ्या माणसाला चार पर्याय देऊन घाई करणं मला पटत नाही. काचेच्या कडेने प्रकाशाची एक कडी आकसत येते, ती पावलांना टेकली की वेळ संपली. सूत्रसंचालक तरुण आहे, दात इतके पांढरे की मी पहिला प्रश्न ऐकलाच नाही. (तो नशिबाने दुसऱ्यांदा विचारला.) पाच-सहा उत्तरं कशीबशी दिली. मग प्रश्न आला : ऑक्टोपसला हृदयं किती? एक, दोन, तीन की चार?

मला एकदम समुद्राचा तळ दिसला. हिरवं पाणी, आणि त्यात एकजण आठ हात पसरून बसलेला. त्याला एवढे हात, तर मिठी मारायला हृदय एक कसं पुरणार, असा विचार करत असतानाच कडी माझ्या बुटांजवळ आली. मी ओरडलो, "मदतनीस!" या तऱ्हेत घरच्या एका माणसाला फोन करता येतो, तीस सेकंद. त्याचं नाव आधी लिहून द्यावं लागतं. मी तुमचं लिहिलं होतं. त्यांना कळवलंय का, असं तिथल्या बाईंनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. (हे खोटं होतं. त्या हसण्यानंतर या पत्रातलं दुसरं.) फोन लागल्यावर फक्त स्पर्धकाने बोलायचं, बाकी सगळे चिडीचूप.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास तुमच्याकडे एक फोन आला होता आणि पलीकडून कोणी बोललं नाही. तो मी होतो.

तुम्ही "हॅलो" म्हणालात. सहा वर्षांनी. आवाज थोडा जाड झालाय, पण शेवट उचलायची लकब तीच. मागे पंखा खट खट करत होता. कपात चमचा वाजत होता. एक कुत्रं भुंकलं, तुम्ही त्याला दटावलंत आणि पुन्हा म्हणालात, "हॅलो?" मला वाटलं, मी बाकड्यावर बसलोय. समोर शेकडो माणसं, खाली उजेड, आणि मी डोळे मिटून तुमचा पंखा ऐकतोय. प्रश्न विचारायचा असतो हेच विसरलो. आतून ताईंनी विचारलं, कोण आहे? तुम्ही तिसऱ्यांदा "हॅलो" म्हणालात, यावेळी हळू, आणि मग एकदम काही बोलला नाहीत. फोनही ठेवला नाहीत. आपण दोघेही तिथेच थांबलो होतो. मग तीस सेकंद संपले.

सूत्रसंचालकाने विचारलं, "मदतनीसांनी तर काहीच सांगितलं नाही. उत्तर?" मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं. तीन." तुम्ही तीनदा हॅलो म्हणालात, मी तीन म्हणालो. बरोबर निघालं, डॉक्टर! त्याने पांढरे दात दाखवत विचारलं, फोनवर प्राण्यांची जाण असलेलं कोणी होतं का? आणि मी पुन्हा पूर्ण जागा झालो. कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, ते जनावरांचे डॉक्टर आहेत, माझे साडू आहेत. सहा वर्षांपूर्वी याच कार्यक्रमात गाईला वर आठ दात आहेत असं मी म्हणालो होतो, त्यांनी नाही. ते मला बोटांनी शून्य दाखवत होते. लोक त्यांना हसले आणि मी हसू दिलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पुढचा प्रश्न मी ऐकला नाही आणि बाद झालो.

त्या टप्प्यावरचं बक्षीस म्हणजे दोन माणसांचा तंबू. नियमाने अर्धा मदतनीसाचा, म्हणजे तुमचा. तुमची मेहुणी म्हणते, कापू नका.

तर माझं शास्त्रीय मत असं, की पहिली तऱ्हा विचारासाठी उत्तम, दुसरी बंद पडली हे बरं झालं, आणि तिसरी वाईट, पण तिच्यात फोन आहे. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवावं. ताईंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमच्या उत्तराची वाट बघणारा (यावेळी कडी आकसत नाही, सावकाश होऊ द्या),
तुमचा साडू

ता.क. : मूळ मुद्दा लिहायचा राहिला. आमच्या मांजरीने तीन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. कोपऱ्यात बसून असते, हाक मारली तर बघत नाही. इथला दुसरा डॉक्टर मला पसंत नाही. रविवारी दुपारी येऊन तेवढं बघून गेलात तर फार उपकार होतील. हा कार्यक्रमही त्याच दिवशी सहाला दाखवणार आहेत, पण त्याचा मांजरीशी संबंध नाही.

ता.क. २ (अक्षर तुमच्या मेहुणीचं) : भावजी, मांजरीला काहीही झालेलं नाही, आत्ता माझ्यासमोर वाटीभर दूध पिऊन झोपली. यांनीच तीन दिवस नीट जेवण केलेलं नाही. रविवारचं ताईशी माझं बोलणं झालंय. तुम्ही येताना औषधांची पेटी घेऊनच या, म्हणजे यांना वाटेल तुम्ही मांजरीसाठी आलात. ताई सांगत होती, मंगळवारी तो फोन ठेवल्यावर तुम्ही बराच वेळ खिडकीपाशी उभे होतात, आणि कोण होतं विचारलं तर म्हणालात, "आपलाच होता, बोलायला विसरला."