डॉक्टरीण उतरली का?

आई, परवा आपल्या सोलापुरातच, नव्या पेठेत अक्का भेटली. भवानी पेठेतल्या आपल्या अंगणात तुझ्या उजव्या हाताला बसून विड्या वळायची ती तेलुगू अक्का. टॉवेलच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती, शेजारी कापडी पिशवी. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. "वाचणाऱ्या वैनीची पोरगी न्हवं का तू?" चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, निम्मं शहर मला बाई म्हणून ओळखतं, पण अक्काच्या लेखी मी अजून वाचणाऱ्या वैनीची पोरगी. तिनं मला एक गोष्ट विचारली आणि मी उत्तर दिलं. ते तुला सांगायला हवं असं तेव्हापासून डोक्यात आहे. तू जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, म्हणजे घाई अशी काही नाही. आज घरात कुणी नाही, म्हणून वही काढली एवढंच.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी कॉलेजात जायला लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. दुपारी अंगणातल्या लिंबाखाली तुम्ही सातजणी मांडीवर सूप घेऊन बसायचात. ओल्या फडक्यातलं पान काढायचं, साचा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळलं, दोरा बांधला, की पुढचं पान. दिवसाला हजार विड्या झाल्याच पाहिजेत. सातजणींत सातवीपर्यंत शिकलेली तू एकटी. त्यामुळे कुणाचंही पत्र आलं, पेपराचा तुकडा मिळाला, की वाचायचं काम तुझं; आणि वाचताना तुझे हात थांबायचे म्हणून प्रत्येकीनं आपल्या विड्यांतली मूठभर तुझ्या सुपात टाकायची. हा नियम कुणी घातला ते मला माहीत नाही, मला कळायला लागलं तेव्हा तो होताच. कारखान्यातला तपासणारा कुरकुरायचा, "बाई, तुमचा हात रोज बदलतो." तू म्हणायचीस, "वय झालं, थरथरतो." तेव्हा तू चाळिशीचीही नव्हतीस.

मग पुण्याहून मामाची कार्डं यायला लागली. पुण्यात तेव्हा टीव्ही दिसायचा, सोलापुरात दिसत नव्हता. मामाच्या घरमालकाकडे संच होता आणि आठवड्यातून एकदा त्यावर एक मालिका लागायची. पृथ्वीवरून सात माणसं घेऊन एक यान निघालंय, दूरच्या एका ग्रहावर जायला. त्यात एक डॉक्टरीण, चार वर्षांची मुलगी आजीजवळ ठेवून आलेली. मामा दर आठवड्याला सगळी गोष्ट एका कार्डावर मुंगीच्या अक्षरात लिहायचा, कडेनंसुद्धा लिहायचा, आणि तू ती दुपारी वाचायचीस. वाचायचीस म्हणजे फुगवून सांगायचीस. कार्डावरच्या बारा ओळींचा तास व्हायचा. चौथ्या आठवड्यात यान अगदी काळोखात असताना बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केली, आणि तिथं भाग संपला. मामानं लिहिलं होतं की घरमालकाच्या घरी आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आपल्या अंगणात तर विड्या वळायच्या थांबल्या. "कोन आसंल गं?" समोरची मावशी म्हणाली. "तितं तर मानूसच न्हाय म्हनतीस."

तुला आठवत असेल, त्या सगळ्यांनी मामाला निरोप धाडायला सुरुवात केली होती. टीव्हीतली माणसं आपल्याकडे बघून बोलतात असं मामानं एकदा लिहिलं, त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की मामा त्यांना दिसतो. मग मामा समोर बसतोच आहे तर त्यानं सांगायला काय हरकत? "त्या कप्तानाला म्हनावं, नुसत्या गोळ्या खाऊन मानूस जगत नसतंय. भाकरी दे त्यास्नी." "डॉक्टरनीला म्हनावं, दार उगडू नगं." तू ते सगळं कार्डावर उतरवून पाठवायचीस, हसत नव्हतीस. मी हसायची. मामाही हसला असणार, कारण त्याच्या कार्डांत हळूहळू दुसराच सूर यायला लागला. यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, कुणी टेकलं की हलतात. कप्तानाच्या मनगटावर घड्याळ काढल्याचा पांढरा पट्टा दिसतो. घरमालकीणबाई आता त्या वेळेला भाजी निवडत बसतात. आणि टकटक कुणी केली ते पुढे सांगितलंच नाही, जणू ती झालीच नव्हती. ही कार्डं मी वाचत होते, तू डब्यात ठेवलीस की काढून. अंगणात त्यातला एक शब्दही तू सांगितला नाहीस. तिथं भिंती पोलादाच्याच राहिल्या.

नवव्या आठवड्याचं कार्ड चार ओळींचं होतं. मालिका बंद झाली. शेवट दाखवलाच नाही, आता त्या वेळेला शेतीचा कार्यक्रम असतो. सुरुवात इतकी झकास, आणि पुढे हातची घालवली, असं मामानं लिहिलं होतं. त्या दुपारी तू ते कार्ड हातात घेतलंस, चष्मा पुसलास आणि वाचायला लागलीस. टकटक करणारा माणूस आधीच्या एका यानातला होता, चुकलेला, म्हातारा झालेला. त्याला आत घेतलं. त्यानं सांगितलं की पुढच्या ग्रहावर काही नाही, मी जाऊन आलोय, मागे फिरा. मी पानं कापत होते; ते कार्ड मी सकाळीच वाचलेलं होतं. माझी कात्री थांबली, मग मी पुढचं पान घेतलं. पुढच्या आठवड्यात तू तेच कार्ड पुन्हा घेतलंस. असे दोन महिने. एकाच कार्डावरून तू यान परत फिरवलंस, कप्तानाशी भांडण लावलंस, डॉक्टरणीला ताप आणलास आणि उतरवलास. खोटं सांगायचं कारण नाही, मामाच्या कार्डांपेक्षा ते चांगलं होतं. मला तेव्हा तसं वाटलं नव्हतं. मला लाज वाटायची.

अक्काचं तुला माहीतच आहे, पण लिहिते. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिची तीन वर्षांची पोरगी ठेवून घेतली आणि हिला भावाबरोबर सोलापूरला पाठवून दिलं. त्याला पाच वर्षं झाली होती. ती कधी गेली नव्हती, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "ती आता वळखनार न्हाय. कशाला जायाचं?" पण यान परत फिरल्यापासून तिचं काहीतरी बदललं. दर आठवड्याला ती पहिला प्रश्न तोच विचारायची, "कुटवर आली गं?" आणि एके दिवशी दोरा दातानं तोडता तोडता म्हणाली, "ती उतरली की मी बी जाऊन येते. गाडी कुटं बदलायची ते इचारून ठेवलंय." तू तिच्याकडे बघितलंस. मग मान खाली घालून म्हणालीस, "पुढच्या आठवड्यात उतरती बघ."

आणि त्या पुढच्या आठवड्यात मी तोंड उघडलं. तू चंद्राजवळच यानाला उलटं वारं लावलं होतंस. वाऱ्यामुळे उतरायला वेळ लागतोय, यान डगमगतंय, सगळ्याजणी श्वास रोखून. मी विज्ञान शाखेला होते, पहिल्याच वर्षी सगळं कळल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "आई, तितक्या वर वारा नसतो." समोरची मावशी म्हणाली, "तू बगून आलीस व्हय गं?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस, जराशीच. तेवढं पुरलं मला. मी म्हटलं, "आईनं तरी कुठं बघितलंय? मामानंही नाही बघितलं. ती मालिका बंद पडून दोन महिने झाले. हे घ्या, काय लिहिलंय ऐका." आणि तुझ्या हातातलं कार्ड घेऊन मी मोठ्यानं वाचलं. चारच ओळी होत्या, लगेच संपल्या.

पुढचं मला नीट दिसतं. तू एकदाही माझ्याकडे बघत नाहीस. सूप पुढे ओढतेस. त्यात सगळ्यांच्या मुठी पडलेल्या आहेत, तुझ्या विड्यांत मिसळलेल्या. तू एकेक विडी उचलतेस, दोऱ्याची गाठ बघतेस, ती प्रत्येकीची वेगळी, आणि ज्या बाईची आहे तिच्या सुपात परत ठेवतेस. ही मावशीची, ही अक्काची, ही पलीकडची. समोरची मावशी म्हणते, "आगं ऱ्हाऊ दे की वैनी, काय लावलंयस हे." तू थांबत नाहीस. एकही विडी चुकत नसावी, कारण कुणीच म्हणत नाही की ही माझी नव्हे. अक्का आपल्या सुपात पडणाऱ्या विड्यांकडे बघत राहते. शेवटी तुझ्या सुपात तुझ्याच तेवढ्या राहतात, फार थोड्या. मग तू पान घेतेस आणि कापायला लागतेस. मला तेव्हा काय वाटलं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. मी खरं तेच बोलले होते.

तू रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं, हे वाक्य मी पुष्कळदा मनात म्हटलंय, आता त्याचंही काही वाटत नाही. संध्याकाळी चुलीपाशी तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी शेंगाची चटणी कुटत होते. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि विचारलंस, "वाऱ्याचं माजं चुकलंच का गं?" मी म्हटलं, हो. आणि मग हवा कुठपर्यंत असते, पुढे का नसते, हे मी तुला समजावून सांगितलं, चांगली दहा मिनिटं, पाटावर खडूनं गोल काढून. तू सगळं ऐकलंस. "मग यान आडायला न्हाय पायजे हुतं," म्हणालीस. "नाही." "मग उतरलीच असती की." मी म्हटलं, "हो, उतरली असती." तू पुढची भाकरी थापायला घेतलीस. ती उतरल्यावर काय होणार होतं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतर तू होतीस तेवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही.

त्यानंतर अंगणात कुणी वाचायला सांगितलं नाही. मावशीनं कुठून तरी ट्रान्झिस्टर आणला, दुपारभर गाणी वाजायची. अक्का दोन महिन्यांनी दुसऱ्या बोळात राहायला गेली. काही वर्षांनी सोलापुरातही टीव्ही दिसायला लागला, तेव्हा मी तुला शेजाऱ्यांकडे घेऊन गेले. तू पदर सावरून दाराशी बसलीस, थोडा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "एवढंच व्हय." घरी येऊन पाणी प्यायलीस आणि निजलीस.

तर परवा अक्कानं तेच विचारलं. माझी मुलंबाळं, तब्येत, काही नाही. तोंडाला पदर लावून म्हणाली, "वैनीनं नंतर तुला सांगितलं आसंल की. उतरली का गं ती?" क्षणभर मला समजेना की कोण. मग समजलं. मी म्हटलं, "उतरली." "पोरगी आली हुती?" "आली होती." "वळखलं?" मी म्हटलं, "लगेच ओळखलं. लांबूनच पळत आली." अक्का माझ्याकडे बघत होती, म्हणून मी पुढे म्हटलं, "आईनंच सांगितलं मला. शेवटी आजारी होती तेव्हा." मला वाटलं, बरं केलं. इतक्या वर्षांनी काहीतरी बरोबर केलं असं वाटलं, खरंच वाटलं.

अक्कानं मान हलवली. पिशवीचे बंद सारखे केले. मग म्हणाली, "म्हंजे जायाला पायजे हुतं मी." रडली नाही, रागावली नाही. "मी गेलेच न्हाय बग कदी. मला वाटलं, वैनीनं तिला न्हाय उतरवली म्हंजे कायतरी वंगाळ आसंल." पिशवी उचलली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गर्दीत गेली. मी तिला रिक्षात बसवायला हवं होतं, ते पाचेक मिनिटांनी सुचलं.

आई, ते तुझ्या नावावर मी खपवलं. पोरगी लांबूनच पळत येते, असं तू सांगितलंच नसतंस, मला आता तसं वाटतं. तू पोरीला आजीच्या मागं लपवलं असतंस. डॉक्टरणीला आठ दिवस ओसरीवर बसवून ठेवलं असतंस, मग एक दिवस पोरीनं हळूच पाण्याचा तांब्या आणून ठेवला असता, असं काहीतरी. त्यानं अक्काला निदान इतकं लागलं नसतं. हे सगळं तिला जाऊन सांगावं, आईनं काही सांगितलं नव्हतं म्हणावं, असं मी परवापासून ठरवते आहे. दुकानदाराकडून तिचा पत्ता विचारून घेतला आहे, भवानी पेठेतच आहे, रिक्षानं दहा मिनिटं. मी अजून गेलेली नाही.