सासरेबुवांना पोचवायला गेलो, त्याची हकिगत

ती. स्व. भाऊसाहेब यांस,

साष्टांग नमस्कार (दोन खाटांमधली जागा साष्टांगाला पुरत नाही, तेव्हा उभ्यानेच घालतो आहे, गोड मानून घ्यावा). आपली प्रकृती उत्तम असेल, वहिनींची पाठ दुखायची थांबली असेल आणि मुलं पास होत असतील, असं धरून चालतो. तसं नसल्यास कळवू नये. आम्हाला इथे चिंता करायला मनाई आहे. 'इथे' म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात, वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. एका खाटेवर मी आहे आणि दुसऱ्या खाटेवर तुमचे वडील आहेत.

हे कसं घडलं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या बहिणीने फोनवर थोडक्यात सांगितलं असेल, आणि ती थोडक्यात सांगते तेव्हा दोष नेमका माझ्या वाट्याला येतो. सासूबाई गेल्यापासून सासरेबुवा आमच्याकडे राहतात आणि झोपेच्या गोळ्या घेतात, हे आपण जाणताच. आधी एक घ्यायचे, मग एकीने भागेना म्हणून दोन, मग भागलं तरी सवयीने तिसरी. जेवता जेवता ताटावर पेंगायचे. (माझंही संध्याकाळचं थोडं चालायचं, पण ते थोडंच असल्यामुळे त्याचा विस्तार करत नाही.) एक दिवस तुमच्या बहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं की बाबांना केंद्रात ठेवायचंय, एकटे गेले तर वाटेतून परततील, तेव्हा तुम्ही सोबत जा, आणि त्यांना संशय नको म्हणून स्वतःचेही चार कपडे बॅगेत टाका. मला बेत फार आवडला. सासऱ्यांना वळण लावायची संधी जावयाला सहसा मिळत नाही.

वाटभर सासरेबुवा माझ्याशी कमालीच्या मायेने वागले. खिडकीची जागा दिली, पाण्याची बाटली पुढे केली, बॅग उचलू दिली नाही. बिचाऱ्याला काही कल्पना नाही, असं मी मनात म्हणत होतो. तेही मनात तेच म्हणत होते, हे नंतर कळलं. दारात मात्र ते अडले. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. पाटीवरची 'मुक्ति' ऱ्हस्व पाहिली आणि त्यांनी पाय रोवले. ज्यांना एक वेलांटी सुधारता येत नाही ते माणसं काय सुधारणार, असा त्यांचा सवाल होता. कसंबसं आत नेलं. समुपदेशक बाई समोर आल्या तसा मी वाकून कुजबुजलो, "हे आमचे सासरे. जरा सांभाळून घ्या." त्याच वेळी दुसऱ्या बाजूने तुमचे वडील कुजबुजत होते, "हे आमचे जावई. पळतील, लक्ष ठेवा." बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, "ताईंचा फोन आला होता. दोन खाटांची खोली तयार आहे."

सुरुवातीच्या दिवसांचं वर्णन करण्यात अर्थ नाही. मला घाम सुटायचा, आणि हात असे कापायचे की चमचा तोंडाशी येईस्तोवर रिकामा. (माझ्या चष्म्यांच्या दुकानात दांडीचा स्क्रू हातातून निसटायचा तेव्हा मी स्क्रू बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत असे. त्याचा काही दोष नव्हता.) सासरेबुवांच्या गोळ्या डॉक्टर एकदम न तोडता हळूहळू कमी करत होते, त्यामुळे त्यांचे हालही हप्त्याहप्त्याने होत होते. झोप नसल्याने ते माझ्यावर पहारा ठेवायचे, मी त्यांच्यावर. दोघांपैकी कुणीच पळालं नाही, आणि त्याचं श्रेय दोघंही स्वतःकडेच घेतो.

रोज सकाळी इथे सगळ्यांना गोल करून बसवतात आणि कसं वाटतंय ते विचारतात. मी 'बरं' म्हणायचो. 'बरं' ही भावना नाही, असं बाईंचं म्हणणं. मग ते विशेषण की अव्यय, यावर सासरेबुवा बाईंशी वाद घालायचे, आणि तेवढ्यात माझी पाळी टळायची. असं बरेच दिवस सुखाने चाललं. मग एकदा वाद अर्ध्यावर टाकून ते एकाएकी म्हणाले, "शेजारी कुणी कूस बदलत नाही हो. त्याची सवयच होत नाही." मी पंख्याकडे बघत राहिलो. पंखा बंद होता.

त्यानंतर तुमची बहीण भेटीला आली. घरी आमच्यावाचून तिचं अडत असेल, ती तसं म्हणेल आणि आपण नम्रपणे ऐकून घ्यायचं, अशी दोघांची तयारी होती. बाईंनी तिला मोकळेपणाने बोलायला सांगितलं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि म्हणाली, "खरं सांगू? तुम्ही दोघं घरात नाही, तर मला शांत झोप लागते." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाच्या वेळी मी बॅग घेऊन बाहेर पडलो आणि समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने सासरेबुवा आले, शेजारी बसले. कुठे निघालात, हेही विचारलं नाही. बस आली, तेव्हा म्हणाले, "जावईबापू, जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण घरी जाऊन तिची झोप मोडू नका." ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी उठलो, एक पाय पायरीवर ठेवला, आणि पुढे नेमकं कुठे जायचं ते काही केल्या आठवेना. घर सोडून मला एकच जागा माहीत होती आणि तिथे ग्लास घासून ठेवलेले असतात. ड्रायव्हरने माझ्या खानदानाचा उल्लेख करून बस काढली. परत येताना बॅग सासरेबुवांनी घेतली. त्या दिवशी गोलात मी 'बरं' म्हटलं नाही. काय म्हटलं ते लिहीत नाही. वहिनीही पत्र वाचतील.

तर असं सगळं क्षेम आहे. आम्हाला लवकरच सोडणार आहेत. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद आणि वहिनींच्या पाठीला आराम.

आपला,
दोन नंबरच्या खाटेवरचा मेहुणा

ता. क. सहज विचारतो: सुटल्यावर महिनाभर आम्हा दोघांना आपल्याकडे ठेवून घ्याल का? तुमच्या बहिणीला विचारू नका, ती 'घरीच या' म्हणेल. तिला अजून थोडं झोपू द्यावं, असं आमचं ठरलंय. तुमचं आणि तुमच्या वडिलांचं बोलणं नाही, हे मला ठाऊक आहे. बोलू नका, पण ठेवून घ्या.

आणखी ता. क. जागा एकाचीच असेल तर त्यांना न्या. मी इथे राहतो. हे त्यांच्या नकळत लिहितो आहे.

(खालचा मजकूर वेगळ्या अक्षरात)

चि. भाऊस आशीर्वाद. जावईबापू आंघोळीला गेलेत तोवर हे लिहितो. जागा एकाचीच असेल तर त्यांना ने, माझं इथे चाललंय. भिडस्त आहेत, नाही म्हणतील, ऐकू नकोस. तुझे फोन यायचे तेव्हा 'बाबा झोपलेत' असं तुला सांगायचे, पण मी जागाच असायचो. आता केलास तर उचलीन.