सीडी प्लेयर आणि फियाटची किल्ली

२ डिसेंबर १९९७, श्रीरामपूर
दुबईहून सुट्टीवर आलेला एक पोरगा खोकं देऊन गेला. "स्टीफनने दिलंय, घरी द्या म्हणाला." चहालाही थांबला नाही.

सीडी प्लेयर! बशीएवढा, आत व्हायोलिनची एक सीडी. घरात कानाला लावून ऐका, नाहीतर गाडीत. गाडीसाठी सोबत एक कॅसेट, फीत नसलेली, वायर लोंबणारी. ती टेपमध्ये सरकवायची की झालं. चिठ्ठी नाही. हवी कशाला? लेक म्हणतोय — मम्मी, गाडी चालव!

हे जाऊन सात महिने झाले. फियाट नावावर झाली माझ्या, पण दारात उभी. अब्राहाम भाऊजी, माझे धाकटे दीर, मागच्याच घरात राहतात. दर रविवारी किल्ली मागतात. "वैनी, उभी राहून सडंल ती. तुमाला काय करायचीय?"

बघाच आता.

४ डिसेंबर
ऑगस्टमध्ये हौसेने काढलेलं शिकाऊ लायसन्स कपाटातून बाहेर काढलं. शेजारचे कानिफनाथ, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, शिकवायला तयार झाले. म्हणाले, "बाई, वर्गात साठ पोरं हाकता. ही तर एकलीच हाय!"

एकलीच, पण सगळ्या पोरांहून हट्टी. फाटकाच्या आतच बंद पडली.

७ डिसेंबर, रविवार
चर्चहून आल्यावर भाऊजींनी किल्ली मागितली. नाही दिली!

मग त्यांना सीटवरचा प्लेयर दिसला. "ह्यो... तुमाला पाठवला त्यानं?" म्हटलं, मग कोणाला? तोंड बघण्यासारखं झालं. जळा म्हणावं.

१३ डिसेंबर
बेलापूर रोडला गेलो. पुढे उसाच्या बैलगाड्या, खाली खड्डे. प्रत्येक खड्ड्याला व्हायोलिन अडखळायचं. कानिफनाथांनी प्लेयर उचलून मांडीवर घेतला, तान्हं पोर घ्यावं तसा. "आता ठीक हाय. तुमी फकस्त म्होरं बघा."

तिसरा गिअर पडला!!

१९ डिसेंबर
आमचं दुखवट्याचं घर. यंदा दारावर नाताळचा तारा लावायचा नाही. नाताळची गाणी म्हणत फिरणारी मंडळीही काल दारावरून गप्प गेली. रीतच आहे.

आज भाऊजी अंगणात उभे राहून बोलले, "भाऊ जाऊन वरीस न्हाई झालं, आन् वैनी गाणी वाजवत फिरतीय. लोकं शेन घालत्यात तोंडात."

मी कानिफनाथांना हाक मारली, गाडी काढली. काचा खाली, आवाज मोठा. थेट चर्चच्या फाटकापर्यंत.

येताना रडू आलं. ह्यांनी मला बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसवलं. मलाही शिकवा म्हटलं की हसायचे. आठवण येते आणि रागही येतो. दोन्ही खरं आहे.

२१ डिसेंबर
रिव्हर्स जमत नाही. फाटकाचा खांब गेला. गेला तर गेला!

२४ डिसेंबर
स्टीफनचा फोन आला. "मम्मी, तो प्लेयर काकांसाठी होता. गाडी त्यांना द्यायची, आमचं उन्हाळ्यातच ठरलंय."

आमचं! बापाला माती देऊन महिना झाला नसेल तेव्हा. मला कोणी विचारलं?

प्लेयर वायरीसकट भाऊजींच्या ओट्यावर ठेवून आले. त्यांचा आहे. गाडी माझी आहे, आणि उद्या उपासनेला मीच चालवत जाणार.